रामनगरचा ठेलेवाला

अमृतराव घाट, वाराणसी
२ डिसेंबर २०२४

चि. कस्तुरीस,
अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. थंडी पडली आहे. फोनवर बोलले की बाबा ऐकतात, म्हणून निमिष रोज परत नेतो त्या मोमोच्या रिकाम्या डब्यात ही चिठ्ठी ठेवते आहे. निमिष खरं बोलत असेल तर ती एखाद्या ठेलेवाल्याच्या हाती पडेल. पडो. त्याला कुठे मराठी वाचता येतंय!

तुझा भाऊ निमिष रोज बँकेतून येताना बाबांसाठी मोमो आणतो. "आई, रामनगरच्या ठेल्यावरचे, कसम से!" आजारपणानंतर बाबांना पोळी गिळवत नव्हती, भात पाहिला की तोंड फिरवायचे. हे मात्र खातात. डॉक्टर म्हणालेच होते, प्रोटीन द्या. मी त्यांच्या ताटातला एक फोडून पाहिला. आत पनीर, पालक, मूगडाळ. परवा सोयाबीनचा चुरा, आणि वरची पारी नाचणीची. काल तर चण्याच्या डाळीचा फरा, म्हणजे इकडचा देशी मोमोच, हिंग घालून वाफवलेला. अगं, ठेल्यावर मैदा आणि कोबी मिळतो! हा ठेलेवाला भलताच डॉक्टर निघाला.

निमिषला खोदून विचारलं, तर ततपप करून मोबाइलमध्ये तोंड घातलं. चोराच्या मनात चांदणं.

आज तो हातपाय धुवायला गेला तेवढ्यात मीच डबा उघडला. सगळे गोल मोमो, आणि मध्ये एक करंजी. मोदकांबरोबर एक तरी करंजी करावी, हे त्या ठेलेवाल्याला कुठल्या आईने शिकवलं गं?

तुझ्या लग्नाच्या दिवशी बाबा म्हणाले होते, तिच्या हातचं पाणीसुद्धा नको. त्यांना कळलं तर ताट सरकवतील, आणि आता उपाशी राहिले तर ते उठायचे नाहीत. करंजी मी काढून घेतली, स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ली. रडत खाल्ली. छान झाली होती.

उद्यापासून करंजी घालू नकोस. माझ्यावर कृपा कर.

आई

ता. क. चिठ्ठी घडी घालून ठेवली होती, पुन्हा उघडली. बाबा जेवायला बसले, डबा पुढे ओढला, एकेक मोमो बाजूला करून तळापर्यंत पाहिलं. मग तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव घेतलं.

"आज करंजी नाही. कस्तुरीला बरं नाही का?"

मी उत्तर दिलेलं नाही. ते तू येऊन दे.