सात घरांची ऊब

मी, एम्ब्रोज हेरन, वय वर्षे बहात्तर, धंदा मोठ्या जहाजांचे बॉयलर आखणे, सध्या निवृत्त, राहणार घर क्रमांक पाच, कोबल टेरेस, वॉल्सएंड, टाइन नदीकाठ, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्याच मर्जीने लिहीत आहे. हृदय कुरकुरते, पण डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने समोर बसावे आणि ताशी साठ टन वाफ देणाऱ्या बॉयलरचे गणित मला घालावे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागात लिहिले होते.

१. राहते घर माझा एकुलता मुलगा लायनेल याला. तो लंडनमध्ये घरे विकतो, तेव्हा हेही विकणार. खुशाल विकावे. मात्र मागची खोली, तिच्यातला बॉयलर आणि त्यातून निघालेले नळ घराबरोबर जाणार नाहीत. त्यांची व्यवस्था कलम तीनमध्ये.

२. माझी स्लाइड रूल, म्हणजे आकडेमोडीची सरकपट्टी, हीही लायनेललाच. लहानपणी त्याने या पट्टीने पावाला लोणी लावले होते. डाग अजून आहे. तो पुसू नये, मला आवडतो. आमच्या आराखडा विभागाच्या माजी प्रमुखांना काहीही नाही. माझ्या आराखड्यांवर आयुष्यभर सह्या करायला मिळाल्या, तेवढे पुरे.

३. सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात कोळसा मिळेना. माझी बायको हॅना कडाडली, "जगभरच्या जहाजांना वाफ देतोस आणि मी इथे कोट घालून झोपते! लाज वाटते का?" मी भंगारातल्या नळ्या आणून मागच्या खोलीत बॉयलर बांधला. तो जरा मोठा झाला. लहान बॉयलर आखायला मला कोणी शिकवलेच नव्हते. पहिल्याच संध्याकाळी हॅनाने सगळ्या खिडक्या उघडल्या. "आता घर आहे की भट्टी?" मग शेजारी ऊब नेणारा एक नळ दिला, त्याच्या शेजारी दुसरा. सात घरे जोडली तेव्हा कुठे बॉयलरला पुरेसे काम मिळाले. तेव्हापासून सातही घरे आपापला कोळसा याच एका भट्टीत घालतात. हॅना गेली त्या आठवड्यात मला एकदाही एकट्याने जेवावे लागले नाही. या बॉयलरचा मला कुठल्याही जहाजापेक्षा जास्त अभिमान आहे.

तो बॉयलर, खोली आणि नळ या सात घरांच्या सामाईक मालकीचे राहतील. भट्टी सांभाळणाऱ्या चार नंबरच्या मिसेस बेला पर्विस यांना भट्टीजवळची खुर्ची आणि माझे फावडे. त्या परवा म्हणाल्या, "अहो मिस्टर हेरन, नव्या मालकाने नळ कापले तर माझ्या गुडघ्यांनी काय करायचं?" गुडघ्यांनी निश्चिंत असावे.

४. लायनेलने मला तोंडावर सांगितले आहे, "बाबा, ते धोकादायक भंगार आहे. कोर्टाकडून काढायला लावीन." म्हणून साक्षीदार असा हवा, की ज्याच्या शब्दापुढे कोर्टही गप्प बसेल. तो आमच्याच गल्लीत आहे. आठ नंबरचा सेप्टिमस लेडलर, बॉयलर तपासनीस. एक्कावन्न साली त्याने एका सांध्यावरून माझ्या सर्वांत मोठ्या बॉयलरचा मंजुरीचा शिक्का अडवला. जहाज गोदीत अडकले आणि सगळ्या जहाजबांधणी यार्डाने मला शिव्या घातल्या. सांध्यात काही निघाले नाही. मी ते सुनावले, तर म्हणाला, "काही नाही हे कळलं कशावरून? मी उघडून पाहिलं म्हणूनच ना?"

गल्लीत माझी ऊब न घेणारे त्याचे एकच घर. त्याच्या भिंतीपर्यंत मी नळ नेऊन तोंड बंद करून ठेवला आहे. तो हो म्हणेल त्या दिवशी जोडायचा. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. रविवारी कुंपणाशी उभा राहून मी त्याला स्पष्ट विचारले, "नळ घेतोस की सही करतोस?"

"न तपासता मी कशावरही सही करत नाही."

"अरे, सही मृत्युपत्रावर करायची आहे, बॉयलरवर नाही!"

"त्यात बॉयलर आहे ना? मग हातोडी घेऊन येतो."

यावे. भट्टी पेटली तेव्हापासून, बावीस वर्षे वाट पाहतो आहे. त्याने नाही म्हटले, तर हा कागद त्याच भट्टीत टाकावा आणि लायनेलचे म्हणणे खरे धरावे.

ठिकाण: वॉल्सएंड. दिनांक: ३ ऑक्टोबर १९६९.

(सही) एम्ब्रोज हेरन

साक्षीदार:

१. ऑलिव्ह ट्रॅनमर, परिचारिका, राहणार चर्च बँक. मिस्टर हेरन आणि मिस्टर लेडलर, दोघांच्याही सह्या माझ्यासमोर झाल्या. मिस्टर हेरन पूर्ण शुद्धीवर आहेत आणि औषध वेळेवर घेत नाहीत.

२. सेप्टिमस लेडलर, बॉयलर तपासनीस, निवृत्त, घर क्रमांक आठ. हेरन शुद्धीवर आहे. बॉयलर थंड करून, आत शिरून, प्रत्येक सांध्यावर हातोडी मारून तपासला. दोष नाही. शिक्का मारला आहे. माझ्या भिंतीशी असलेला नळही पाहिला. त्याचे तोंड बंदच ठेवावे. मी सही करत आहे.