आठव्या खणातला सेल

३ मार्च, सकाळी ८.१०
समिती २८ तारखेला येणार. शंभरदा चार्ज-डिस्चार्ज होऊनही टिकणारा एक सेल दाखवला तर प्रयोगशाळा राहील. नाही तर खोली स्टोअररूमला जाईल. एकच मागणे हा अवमान आहे. आठ करतो. सेलमधला भार वाहून नेणारा इलेक्ट्रोलाइट द्रव असला तर गळतो, घन असला तर भार अडतो. पॉलिमरच्या जाळीत द्रव धरून ठेवणारे माझे जेल दोन्ही दोषांपासून मुक्त आहे. सध्या पातळ आहे, इतकेच.
संकल्प : घाई नाही. चूक नाही. मदत नाही.

५ मार्च
जेल जमले. बुडबुडे आहेत, पण एकसारखे आहेत.
ताईंना (तंत्रज्ञ, अठ्ठावीस वर्षे नोकरी, पदवी नाही) वीस मिनिटे समजावले, की धातूच्या चिमट्याने सेल उचलला तर शॉर्ट होतो. माहीत आहे म्हणाल्या. आठवा सेल मी धातूच्या चिमट्याने उचलला. प्लॅस्टिकचा त्यांच्या हातात होता. सेल गेला. नोंदवण्यासारखे नाही.

६ मार्च
सेल चार्ज-डिस्चार्जच्या यंत्रावर, कपाटातल्या आठ खणांत चढवले. या यंत्रावर माझा विश्वास नाही. ताईंना बजावले : रिकाम्या खणात बाजारातला, पुन्हा चार्ज होणारा सेल लावून यंत्र तपासत राहा, आणि मला विचारायला येऊ नका. कपाट कोणीही उघडायचे नाही. आलेख मी टेबलावरून पाहीन.
घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा सेल संपला. सौ. म्हणाली, येताना एक आण. बाजारातला सेल, माझ्या घरात? माझाच बसवीन.

९ मार्च
पहिला, चौथा, सहावा बंद. हवेतला दमटपणा. सफाईवाल्याने दार उघडे ठेवले असणार. तो रजेवर आहे, असे कळले. तरीही.

१४ मार्च
आणखी तीन गेले. पैकी दोन फुगले.
आठवा मात्र अडतीस फेऱ्या झाल्या तरी पट्टीने आखल्यासारखा सरळ. त्यात मी वेगळे काय केले, ते वहीत सापडत नाही. काही तरी केले असणारच. हात पुढे जातो, वही मागे राहते.
ताई दोनदा दारात आल्या. आठव्याबद्दल काही सांगायचे होते म्हणे. कौतुक मला सोसत नाही, परत पाठवले.
सौ. पीठ अंदाजाने घेते. केक बसला. तुझा सेल होईल तेव्हा होईल, मीच आणते, म्हणाली. मनाई केली.

२१ मार्च
सातवाही बंद. बरे झाले, तुलना स्वच्छ दिसते.
शोधनिबंधाची अकरा पाने झाली. आभारांत ताईंचे नाव घातले, मग काढले. वाक्याचा तोल जात होता.

२७ मार्च, सायंकाळी ६.४०
शंभर. आनंद व्हायला हवा होता. खुर्चीत बसून राहिलो. बहुधा थकवा.

२८ मार्च
समितीने आलेख दोनदा पाहिला. मग एका सदस्याने, उगाचच, प्रत्यक्ष सेल मागितला. ताईंनी प्लॅस्टिकच्या चिमट्याने आणला. त्याने तो उलटा केला. मागे कंपनीचा शिक्का.
मी ताईंकडे पाहिले.
"सर, तुमचा आठवा गेला ना, तो खण रिकामा होता. बाजारातला लावा, तुम्हीच म्हणालात. सांगायला आले होते, दोनदा."
विभागप्रमुख म्हणाले, "चला, यंत्र तरी चोख आहे."
कोणी फारसे हसले नाही. खोली एक तारखेपासून स्टोअररूम. मी चहा घेतला. त्यात साखर होती की नाही, लक्षात नाही.

३० मार्च, दुपारी
खोली रिकामी केली. ताईंनी तो सेल पाकिटात घालून हातात दिला. घरी काट्याला होईल म्हणाल्या. काट्याचे त्यांना कोणी सांगितले, विचारले नाही.
सौ.ने तो बसवला. काटा सुरू झाला.
"तुझाच का रे?"
मी हो म्हणालो नाही. मान हलली असेल.
"बघ," ती म्हणाली, "एक तरी कामाला आला."
काट्यावर शून्य दिसत होते. अगदी अचूक.