भावोजींच्या अ‍ॅम्पला लगाम

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. मागचे आशीर्वाद न वापरता तसेच पडले असतील, तरी हेही ठेवून घे.

फोनच करणार होते, पण आमच्याकडे फोनवर बोलणं म्हणजे जाहीर सभा, आणि ही गोष्ट तुझ्या भावोजींच्या कानावर जायला नको. कानांचंच प्रकरण आहे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरचे स्वर थोडे गेलेत आणि गिटारचा धडाका असाच चालला तर उरलेलेही जातील. आवाज कमी करा, एवढंच त्यांचं म्हणणं. पण तुझ्या भावोजींचा खाक्या तुला ठाऊक आहे, एक तर भरलं ताट नाही तर कडकडीत उपास. गिटार कपाटावर चढली आणि तो व्हॉल्व्हचा पेटारा, म्हणजे अ‍ॅम्प, विकायला निघाला. महिनाअखेरच्या रविवारी एक गृहस्थ तो न्यायला येणार आहेत.

आवाज बारीक करून वाजवा, असं मी सुचवलं. त्यावर मला ऐकवण्यात आलं की व्हॉल्व्ह तापून ओरडायला लागले तरच त्यांच्यात जीव येतो; बारीक आवाजात तो अ‍ॅम्प गोधडीत तोंड खुपसून गायल्यासारखा वाजतो.

लग्नापासून मी त्या पेटाऱ्याच्या नावाने बोटं मोडत आले. वाटायचं, हा गेला की सुखाने प्रुफं तपासेन. आता घर शांत आहे आणि माझ्या हातून चुका सुटतायत. हे जेवण झाल्यावर टेबलाच्या कडेवर बोटं दाबत बसतात. मी विचारलं तर म्हणतात, काही नाही. तू दवाखान्यातली एवढी यंत्रं बरी करतोस, ह्यावर काही औषध आहे का?

सासूबाई ठणठणीत आहेत. मिक्सर झाला, रेडिओ झाला, आता शिलाई मशीनलाच अभ्रा शिवतायत.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी अक्का

ता. ८ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

औषध आहे. अ‍ॅम्प आणि स्पीकर यांच्यामध्ये एक डबा बसवायचा. अ‍ॅम्पला वाटतं आपण पूर्ण जोरात ओरडतोय, पण डब्यातले रेझिस्टर त्यातली बहुतेक ताकद गिळून तिची उष्णता करतात आणि स्पीकरपर्यंत थोडीच पोचू देतात. सूर तोच, जोर कमी. आपण त्याला लगाम म्हणू.

सामान आणि मीटर पार्सलने पाठवतोय. सोबतच्या आकृतीप्रमाणे जोड, सोल्डरचा डाग देताना तारेला तापू दे, घाई करू नकोस. लहानपणी माझ्या रेडिओला तू दिलेले डाग अजून आठवतात, चिंचोक्याएवढे होते. दोन गोष्टी मात्र गंभीरपणे सांगतो. लगाम किंवा स्पीकर सुटलेला असताना अ‍ॅम्प चालू केला, तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल आणि मग तो पेटारा फक्त पेटाराच उरेल. दुसरं, डबा तापणारच. त्याला भोकं पाड आणि वारा लागू दे.

भावोजींना आधी सांगू नकोस. ते सात शंका काढतील आणि तू भांडशील.

आशीर्वाद असू द्या, शक्यतो टोमण्यांशिवाय.
तुमचा धाकटा

ता. १७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घात झाला. लगाम झकास बनला होता. डाग ह्या वेळी मुगाएवढे होते. काल सकाळी डबा जोडला आणि ह्यांच्या हातात गिटार दिली. कुरकुर करत बसले, एक तार छेडली, माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले ते उघडेचनात. तोच ओरडा, पण शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. मी दारात प्रुफं घेऊन उभी, एकही ओळ वाचली नाही.

आणि मग वास आला. जळक्या नायलॉनचा. ह्यांनी घाबरून बटण बंद केलं. पेटाऱ्याच्या मागे पाहते तो लगामाला झालरीचा अभ्रा! ह्यांचे डोळे मिटलेले असताना सासूबाईंनी मायेने चढवला होता, भोकांतून धूळ जाईल म्हणून. मी त्यांना सांगितलं कुठे होतं? सगळं गुपितात चाललेलं. अभ्रा वितळून डब्याला चिकटला आहे.

हे म्हणाले, बघ, नशिबातच नाही, ठरल्या रविवारी देऊन टाकू. आणि गिटार पुन्हा कपाटावर. सासूबाई जेवल्या नाहीत. रेझिस्टर जळला असेल का रे? तसाच चालू केला तर ट्रान्सफॉर्मर जाईल म्हणून बटणाला हात लावलेला नाही. लवकर लिही.

अक्का

ता. २१ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घाबरू नकोस. रेझिस्टर मी मुद्दाम गरजेच्या कितीतरी पट दणकट पाठवले होते; घर तुमचं आहे, हे लक्षात ठेवून. अभ्रा खरवडून काढ. अ‍ॅम्पची वायर सोडव, स्पीकर लगामाला जोडलेला राहू दे आणि लगामाच्या ज्या तोंडात अ‍ॅम्पची वायर जाते तिथे मीटर लाव. आकडा आठाच्या आसपास आला तर सगळं शाबूत आहे. मीटर काहीच दाखवत नसेल तर बटणाला शिवू नकोस, मला कळव.

सासूबाईंना जेवायला घाल. जळालं असलंच तर त्यांचं कापड.

तुमचा धाकटा

ता. ३० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., ह्या वेळी दुप्पट.

पावणेआठ! मीटरचा काटा तिथे थांबला आणि माझा जीव भांड्यात पडला. पण ह्यांना कोण सांगणार? ते काम सासूबाईंनी केलं. गिटार काढायला स्वतः स्टुलावर चढायला निघाल्या, तेव्हा हे धावत आले. त्यांनी लेकाला बजावलं की तू वाजव, डब्याकडे मी बघते. तेव्हापासून हे वाजवतात आणि त्या लगामाशेजारी पुठ्ठ्याने वारा घालत बसतात. त्याची गरज नाही, असं सांगायची माझी छाती नाही.

कानही पुन्हा तपासून आणले. जेवढं होतं तेवढं शाबूत आहे. मग डॉक्टरांनी घरी येऊन आमच्याच खोलीतला आवाज यंत्रावर मोजला आणि म्हणाले, एवढ्यावर वाजवायला हरकत नाही, मधूनमधून विश्रांती घ्या. ह्यांनी त्यांना लगामाची आकृती काढून दाखवली, जणू स्वतःच बनवला! मी गप्प बसले. लिहून ठेव, पुन्हा व्हायचं नाही.

काल रविवार. ते गृहस्थ ठरल्या वेळी आले. हे रंगात होते, त्यामुळे दार मी उघडलं. त्यांनी अ‍ॅम्पची चौकशी केली. एवढी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो पायरीवर उभा होता, टेम्पोसकट. मी त्यांना सांगितलं की क्षमा करा, पेटारा विकायचा नाही, चहा घेऊन जा. ते जरा रागावले. मग आतून सूर ऐकू आले तसे चपला काढून बाहेरच्या खोलीत बसले आणि दोन कप चहा घेऊन रिकाम्या हाताने गेले.

ते येऊन गेले, हे ह्यांना अजून माहीत नाही. आज सकाळी मात्र मला म्हणाले, तो माणूस काल आला नाही वाटतं; त्याला नको म्हणून कळवायला हवं, पण तुला त्या पेटाऱ्याचा त्रास होतो ना? मी म्हटलं, होतो. तरी कळवा.

लोभ असाच तापता ठेव.
तुझी अक्का