ब्रेक उशिरा धरते

२२ मार्च. फुलसावंगी, नणंदेच्या आवारात
गाडीतली पाण्याची मोटर पुन्हा बसली. नळ उघडला की नुसती गुळगुळ, पाण्याचा थेंब नाही. ह्यांनी पलंगाची फळी उचलून तासभर ठोकपीट केली, शेवटी मीच नणंदेकडून बादली भरून आणली. सोबत घर घेऊन फिरायचं अन् पाणी दुसऱ्याच्या दारी मागायचं. म्हणलं, "कायले हा खटाटोप जी?" तं म्हणे, "मजा हाय वं." मजा!

शाळेची जुनी बस घेऊन ह्यांनी हे फिरतं घर केलं. निळा रंग देऊन दोन वर्षं झाली, तरी दाराच्या कडेनं शाळेच्या बसचा पिवळा दिसतोच. रस्त्यानं पोरं अजून हात करतात.

खरं लिहायचं ते वेगळंच. महागाव फाट्यावर बकऱ्या आडव्या आल्या. गाडी थांबायला पाहिजे तिथं थांबली नाही. एका बकरीला बंपर टेकला तेव्हा थांबली. बकरी अंग झटकून उठली, गेली. बकऱ्यावाल्या म्हातारीनं आमच्या सात पिढ्या काढल्या, तिचं बरोबरच होतं.

"ब्रेक उशिरा धरते," हे म्हणाले.

बत्तीस वर्षं एसटी चालवली ह्यांनी. साधा खरचटा नाही कोणाला.

२४ मार्च. घरी, मारेगाव
पोचलो. एवढंच आधी लिहिते. पोचलो.

पुसदकडच्या घाटात उतारावर पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या. माझी नजर ह्यांच्या पायावर. नेहमीसारखे अनवाणीच चालवत होते. नोकरीपासूनची सवय, म्हणतात पायाले गाडी समजली पाहिजे. पाय पॅडलवर होता वाटते. गाडी मात्र चाललीच. शेवटी हँडब्रेक ओढला तेव्हा कुठं थांबली. ट्रॉलीतून बाहेर आलेलं उसाचं टोक आमच्या काचेला टेकलं. मागं कपाटाची कडी निसटून सगळी भांडी खाली, तुरीची डाळ गादीभर.

मी त्रिसरण म्हणत होते, मधेच अडकले. लहानपणापासून पाठ आहे, आठवेना.

हे हसून म्हणाले, "पाहा, थांबली का नाही?" कपाळावर घाम होता. मी मागं जाऊन डाळ वेचायला बसले.

२७ मार्च. वणी
हमीदभाईचं गॅरेज. गाडीचं सगळं काम ह्यांनी त्यांच्याचकडून करून घेतलं, वीस वर्षांची ओळख. ह्यांना ते उस्ताद म्हणतात, मला बाई. मी शाळेत शिकवायची म्हणून सगळेच बाई म्हणतात.

समोर कोळशाच्या ट्रकांची रांग. रुमाल नाकाला लावला तरी काळा निघतो. काम होईपर्यंत गाडीतच खिचडी टाकली. एक ट्रकवाला खिडकीतून डोकावला, "अरे, अंदर तो पूरा किचन है!" त्याला वाटीभर दिली. बिचारा किती दिवसांनी गरम जेवला म्हणे.

ब्रेकचे लायनर बदलले. हमीदभाई म्हणे जुनेही काही वाईट नव्हते. घरी येईपर्यंत ठीक. मी डोळे मिटून बसले होते, म्हणून ठीक.

ह्यांची शुगर उपाशी २१०. वणीत माझा डोळा चुकवून जिलबी खाल्ली असणार.

३० मार्च
पुन्हा वणी. कारण काल बाजारात गाडी भाजीवालीच्या दुकानावर गेली. वांग्यांचा ढीग चाकाखाली. ती बाई मागं सरकली म्हणून वाचली. एक हात सरकली, बस. ती ओरडली पण नाही, नुसती माझ्याकडे पाहत होती. ते तोंड माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

आज ब्रेकचा मास्टर सिलिंडर नवा टाकला, ब्रेक ऑइल बदललं, लाइनमधली हवा काढली. हमीदभाईनं मला शेजारी बसवून स्वतः चक्कर मारली. ट्रकांच्या मधात जोरात नेली अन् दाबला ब्रेक. जागच्या जागी उभी! माझं डोकं काचेवर आपटता आपटता राहिलं.

"एकदम टंच हाय, बाई."

मग हे बसले. निघाले. परत येताना घरच्या फाटकाच्या खांबाला घासली. हे खाली उतरून खांबालाच शिव्या.

२ एप्रिल
मंडळाची पोरं आली होती. चौदा तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीत म्हाताऱ्या बाया चालू शकत नाहीत, त्यांना आपल्या गाडीत बसवून मागून हळूहळू आणायचं. "काका, तुमच्याबिगर कोण नेईन?" ह्यांची छाती फुगली. लगेच हो म्हणाले. पेटीतून खाकी शर्ट काढून उन्हात टाकला.

मी आत उभी राहून सगळं ऐकलं. मिरवणुकीत गाडीपुढं कोण असते? लहान पोरं. लेझीमवाल्या पोरी. अन् ह्यावर्षी नागपूरहून आपली पोरगी वैशू येऊन राह्यली सान्वीला घेऊन. आठ वर्षांची नात पुढं नाचणार अन् मागं आजोबाची गाडी.

पाचावर धारण बसणे म्हणजे काय ते आज कळलं. पोरांना चहा दिला, साखर टाकायचीच विसरले.

४ एप्रिल
आज जे पाहिलं ते लिहिते.

तिसऱ्यांदा वणी, ब्रेक पुन्हा दाखवायला. हे गॅरेजात अनवाणी फिरत होते, हमीदभाईला नोकरीतले किस्से सांगत. मी खुर्चीवर. फरशीवर ऑइल सांडलेलं, त्यावर एकाएकी लाल ठसे दिसले. एक, दोन, चार. ह्यांच्या मागोमाग.

हमीदभाई ओरडले, "उस्ताद, रगत!"

हे थांबले. इकडंतिकडं पाहिलं. म्हणाले, "कोनाचं?"

टाचेत पत्र्याचा तुकडा घुसला होता. बोटाच्या पेराएवढा. हमीदभाईनं पकडीनं ओढून काढला, तेव्हाही हे किस्साच सांगत होते. मग तुकडा पाहून हे म्हणाले, "अरे, कधी लागलं हे?"

हे पट्टी बांधून घ्यायला समोरच्या मेडिकलमध्ये गेले. हमीदभाई हात पुसत माझ्याजवळ आले. खाली पाहून बोलले. "बाई, मी आता काय बदलू? गाडीत बदलाचं काही राह्यलंच नाही. ब्रेक पहिल्या दिवसापासून चांगला हाय." मग म्हणाले, "उस्तादचा पाय पॅडलवर राह्यते. पण किती दाबला, दाबला का नाही, ते त्याइले समजत नाही."

दुखणं रेड्याले अन् इंजेक्शन पखालीले. पंधरा दिवस तेच चाललं होतं आमचं.

अन् मला हे कळायला नको? फेब्रुवारीत एक चप्पल पायातून निघून गेली, हे तसेच घरी आले, तेव्हा मी हसले होते. सगळ्यांना सांगत सुटले, आमचे हे असे वेंधळे म्हणून. मागच्या वर्षी शुगरच्या डॉक्टरनं विचारलं होतं, पायाला मुंग्या येतात का. हे म्हणाले, "पाय एकदम फिट." मी बाजूलाच बसले होते. मुंग्या येतात म्हणून रात्री पाय चोळून देते मी, मला माहीत होतं ना. बोलले नाही. वाटलं चारचौघांत कायले त्यांना खोटं पाडायचं.

५ एप्रिल
दुपारी हे झोपले असता पायाला टाचणी लावली. आधी हळू. मग जरा जोरानं. घोट्यापर्यंत काहीच नाही. पोटरीला लावली तं पाय आखडला.

चोरासारखी उठून स्वयंपाकघरात गेले अन् रडले.

सांगायचं कसं? रिटायर झाल्यावर वर्षभर हे ओट्यावर खुर्ची टाकून बसून राहायचे, रस्त्यानं जाणाऱ्या एसटीचे नंबर वाचत. जेवायला हाक मारली तं दोन दोन वेळा ऐकू जायचं नाही. ही गाडी आली अन् माणूस परत आला. स्वतः फळ्या कापल्या, पडदे माझ्याकडून शिवून घेतले. त्या माणसाला सांगू, तुमच्या पायात आता जीव नाही?

न सांगू तं? वांगेवाली बाई डोळ्यासमोर येते.

६ एप्रिल
हिंमत झाली नाही. गाडी हमीदभाईकडंच आहे, हॉर्न अन् खांबाला घासलेल्या पत्र्याच्या कामाला. हे आंघोळीला गेले तेव्हा फोन केला. "पंधरा तारखेपर्यंत देऊ नका गाडी. काहीही सांगा."

हमीदभाई म्हणाले, "उस्तादले झूठ सांगू?"

म्हणलं, "मिरवणुकीत लेकरं असतात, भाई."

"ठीक. पार्ट नागपूरवरून येऊन राह्यला, सांगतो."

पदरानं तोंड पुसलं. घाम होता का काय, माहीत नाही. पण इतक्या दिवसांत आज पहिल्यांदा मी दोन भाकरी जेवले.

९ एप्रिल
हे दिवसातून चारदा फोन लावतात. "कोणता पार्ट? नंबर सांग." हमीदभाई बापडे रोज नवीन काही सांगतात. खोटं बोलणं त्या माणसाला जमत नाही, मला इथूनही समजते.

घरातल्या घरात गाडीचे पडदे इस्त्री करत बसले हे. मी पाठीमागून टाचेची पट्टी पाहिली, ओली होती. म्हणलं बदलून देऊ का. "काहून? काही होत नाही त्याले."

तेच तं.

शुगर २४०.

११ एप्रिल
सकाळी म्हणाले, बँकेत जाऊन येतो. गेले ते बसनं वणीला. नागपूरच्या पार्टच्या दुकानदाराला ह्यांनी काल फोन केला होता. तो पार्ट त्याच्याकडे होता, अन् त्यानंच सांगितलं, हमीदनं मागितलाच नाही.

साडेअकराला हमीदभाईचा फोन. "बाई, उस्ताद गाडी घेऊन निघाला. मी समोर उभा राह्यलो, तं म्हणे अंगावर घालीन."

निघाला म्हणजे एकटे, कोळशाच्या ट्रकांच्या मधून. मी फाटकात उभी राहिले. ऊन असं की चप्पल चिकटत होती रस्त्याला. रस्त्यानं जो निळा रंग दिसे त्यावर डोळे. देवाधर्माचं मी करत नाही, पण आज कोणाकोणाला विनवलं ते इथं लिहिणार नाही.

आले. फाटकातून बरोबर आत घेतली गाडी, कुठंच न घासता. उतरले अन् म्हणाले, "पाहिलं? काही झालं नव्हतं गाडीले. हरामखोर खोटं बोलला मह्यासोबत. वीस वर्षं भाऊ म्हणलं त्याले."

हमीदभाईनं माझं नाव घेतलं नव्हतं. मी पण घेतलं नाही. पाणी दिलं प्यायला. लाज वाटली पाहिजे मला, वाटली.

१३ एप्रिल
वैशू अन् सान्वी आल्या. "जय भीम आजोबा!" म्हणून पोरगी सरळ गाडीतच चढली. वरच्या फळीवर झोपणार म्हणे. ह्यांनी मोटर दुरुस्त केली तिच्यासाठी, नळाला पाणी आलं. मोटरचं त्यांना अजून सगळं समजते.

सान्वी उद्या लेझीमच्या पहिल्या रांगेत. हे म्हणाले, "मी तुह्या मागंच राहीन, भेऊ नको."

वैशूला सांगू म्हणून तिला विहिरीकडं नेलं. मी तोंड उघडलं अन् भलतंच म्हणाले, "दूध घ्यायला जाशील का जरा?" साठ वर्षांची बाई मी, चाळीस चाळीस पोरांना एका आवाजात गप बसवायची.

१४ एप्रिल. सकाळ
सांगितलं.

हे खाकी शर्ट घालून गाडी पुसत होते. सान्वी घरात वेणी घालून घेत होती. मी गाडीत चढले, दार ओढून घेतलं अन् एका दमात बोलले. "ब्रेक चांगला आहे. तुमचा पाय उशिरा धरते. हमीदभाईला खोटं मीच बोलायला लावलं."

वाटलं आता हात उगारतील. आजपर्यंत कधी उगारला नाही, तरी वाटलं. काहीच नाही. फडकं पिळलं, दांडीवर वाळत घातलं. पलंगावर बसले. म्हणाले, "मी डोळे मिटतो. तू एकेक बोट दाब. मी सांगीन कोणतं. एक जरी चुकलं, किल्ली तुही."

उजवा पाय माझ्यासमोर स्टुलावर ठेवला. डोळे मिटले. मी खाली बसले. हात उचलेना. ज्या पायानं घर चाललं, पोरगी शिकली, त्याची परीक्षा मी घ्यायची?

"अंगठा," हे म्हणाले.

मी हात लावलाच नव्हता.

"मधलं बोट. आता करंगळी." आवाज एकदम खात्रीचा. "आता टाच."

दोन्ही हात मी तोंडावर धरले होते.

"बरोबर हाय ना?"

डोळे तसेच मिटलेले.

"बोल ना वं. बरोबर सांगितलं ना म्या?"

म्हणलं, "डोळे उघडा."

उघडेनात. दोनदा म्हणलं. घट्ट मिटूनच बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना भ्यालेलं पाहिलं नव्हतं. मला तिथं बसवेना. चहा ठेवते म्हणून खाली उतरले.

चहा कधीचा उकळून राह्यला. बाहेर मंडळाची पोरं आली, गाडीला झेंडूच्या माळा बांधताहेत. म्हाताऱ्या बायांपैकी दोघी आतापासूनच पांढऱ्या साड्या नेसून फाटकात येऊन बसल्या. सान्वी पायात घुंगरू बांधून मागते.

मिरवणूक पाचला निघते. हे अजून गाडीतच आहेत. किल्ली लावलेलीच आहे.