जाळी माझी होती

१४ मार्च

चि. ठमाबाईंस शास्त्रीमामाचे आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. तुझ्या मामीचा गुडघा कुरकुरतो पण चालतो, एकूण माझ्यासारखाच. ऑफिसात तुझ्या टेबलावर आता प्रिंटर बसवलाय. तो तुझ्यापेक्षा जास्त बोलतो आणि कमी काम करतो.

तुझी मेथड अजून चालू आहे. हे सांगायलाच पत्र लिहायला घेतलं, असं तूर्तास समज.

तू आलीस तेव्हा हॉस्पिटलच्या प्रोग्राममध्ये गाळण्याच्या एकाच कामाच्या सूचना नऊ वेळा लिहिलेल्या होत्या, म्हणजे नऊ मेथड. रुग्णांची यादी गाळायला एक, खाटांची गाळायला दुसरी, औषधांची तिसरी. सगळ्या माझ्या. मी पाठांतराच्या शाळेतला. एकदा जमलेलं नऊदा उतरवून काढण्यात मला काही वावगं वाटत नसे. तू म्हणालीस, "मामा, चाळणीची कड एकदाच करायची. जाळी ज्याची त्याने आणायची." आणि एकच मेथड लिहिलीस. यादी कशाचीही द्या, सोबत कुणाला ठेवायचं ते ठरवणारी अट, म्हणजे फंक्शन, द्या; तीच जाळी. अकरा ओळी. मी तुला 'सूत्रकार' म्हणून चिडवलं. मनातून हेवा वाटला होता.

मग तुझ्या मेथडने गाळलेल्या यादीवरून ती पत्रं गेली. वर्षभर तपासणीला न आलेल्यांना 'आपली वाट पाहत आहोत' असं कळवायचं होतं. त्यातली त्रेचाळीस अशा घरी पोचली, जिथे ज्याच्या नावाचं पत्र तो माणूसच उरला नव्हता. एक बाई पत्र घेऊन काउंटरवर आल्या. रागावल्या नाहीत. "त्यांना कधीची वेळ दिलीय?" एवढंच विचारलं.

बैठकीत आपल्या ऑफिसच्या मुख्य मॅडमनी विचारलं, "ही मेथड कुणाची?" तू हात वर केलास. शेजारी बसून मी म्हणालो, "नवी मुलं जरा जास्तच हुशारी करतात." लोक हसले. तूही हसलीस. ते हसू मला अजून दिसतं.

तुझ्या अकरा ओळींत चूक नव्हती. जाळी माझी होती. माझ्या जुन्या मेथडमध्ये मृतांना वगळणारी एक ओळ होती. तुझ्या मेथडला द्यायचं फंक्शन लिहिताना ती माझ्याकडून राहिली. 'शेवटच्या तपासणीला वर्ष झालेले' एवढंच लिहिलं. मृतांना वर्ष होतंच.

हे मला बैठकीच्या आधी कळलं होतं. आधी, ठमे.

तू राजीनामा दिलास. तुझी आई अजून म्हणते, "तू होतास म्हणून पोरीचं निभावलं, दादा." मी चहा पीत राहतो. काल तिच्याकडूनच कळलं की नव्या नोकरीच्या मुलाखतीत तुला त्या पत्रांबद्दल विचारलं, आणि तू 'हो, चूक माझीच' म्हणालीस.

आज सकाळी मॅडमना सगळं लेखी दिलं. वाचून त्यांनी चष्मा काढला. "शास्त्रीबुवा, तेव्हा बोलायला काय झालं होतं?" जन्मभर शब्दांची पोपटपंची केली; नेमका तेव्हा एक सापडला नाही. प्रत सोबत जोडली आहे, ती मुलाखतवाल्यांना दाखव. तुझ्या आईला उद्या मी स्वतः जाऊन सांगतो.

क्षमा मागत नाही. मागितली की तू लगेच देऊन टाकशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

वर सवयीने 'शास्त्रीमामा' लिहून गेलो. खाली लिहायला हात धजत नाही. तू मेथडमध्ये एक जागा मोकळी ठेवली होतीस, ठरवणं दुसऱ्यावर सोपवून. मीही ठेवतो.

तुझा
. . . . . . . .