ह्यांचं जुनिपर

९ डिसेंबर, मंगळ.
जुनिपर तपकिरी पडायला लागलंय. उजव्या अंगाचे शेंडे. हात लावला की खरखरतात, पण गळत नाहीत. हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवलंय. गच्चीवरून ह्यांनीच खाली आणलं. "बाहेर गारठा आहे, बिचारं काकडतंय."
बिचारं! मी बघतच राहिले. फौजेत असताना हिमाचलातून मांडीवर घेऊन आणलेलं, कुंडीत बोन्साय करून वाढवलेलं झाड. इतकी वर्षं माधवनगरच्या ह्याच गच्चीवर, ऊन-वारा-थंडीत. मला हात लावायची मुभा नव्हती. एकदा पाणी घातलं तर ताट भिरकावलं होतं. आज म्हणतात, "तूच बघ गं त्याचं. मला कुठं काय कळतंय."
पाटणहून आल्यापासून हे असंच.

१० डिसें.
लिहून ठेवते, नंतर मनात सरमिसळ नको.
गेल्या महिन्याच्या अखेरीस हे पाटणला वन्संकडे गेले. कुंडीतल्या मातीवर घालायला शेवाळ हवं म्हणून एकटेच वरच्या रानात. धुकं उतरलं. संध्याकाळी परतले नाहीत, रात्रीही नाही. वन्संच्या मालकांनी माणसं गोळा करून शोधलं, पोलिसांत तक्रार दिली. मी सकाळच्या पहिल्या गाडीनं निघाले. पोचले तर हे ओट्यावर बसून चहा पीत होते. पलीकडच्या वाडीकडून चालत आले म्हणे. शेवाळ नाही, पिशवी नाही. शोधायला गेलेल्यांचे पाय दवानं गुडघ्यापर्यंत भिजलेले आणि ह्यांच्या विजारीवर चिखलाचा ठिपका नाही.
"कुठं होता?"
"बसलो होतो एका ठिकाणी."
एवढंच.

१३ डिसें.
मिरजेला डॉक्टरांना दाखवलं. डोक्याचा फोटो निघाला, सगळं नीट. डॉ. म्हणाले, थंडी आणि भीती. माणसाच्या स्वभावात फरक पडतो कधीकधी. "चिडचिड वाढलीय का?"
म्हटलं, नाही. गेलीय.
हसले. "मग बरंच झालं की वहिनी."
येताना ह्यांनी मला गजरा घेतला. लग्नानंतर पहिल्यांदा.

१६ डिसें.
तपकिरी डाव्या बाजूलाही. साताऱ्याच्या देशमाने मॅडमना फोन केला. दातांच्या डॉक्टर, पण घरात बोन्सायच बोन्साय. हे आणि त्या प्रदर्शनांत तावातावानं भांडायचे. त्यांना म्हटलं, झाड हॉलमध्ये आहे. तिकडून ओरडल्याच.
"घरात? सुभेदारांनी ठेवलं? शक्यच नाही!"
जुनिपर घरात मरतं म्हणाल्या. त्याला थंडी लागतेच. थंडीत तांबूस होणं वेगळं, ते झाडाचं पांघरूण असतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी परत हिरवं होतं. वाळणं वेगळं. आणि त्यातली वाईट गोष्ट म्हणजे लगेच कळत नाही. "आतून मेलेलं असतं तरी कितीतरी दिवस हिरवंगार दिसतं हो. आपण पाणी घालत राहतो."
फोन ठेवला. हे दारात उभे होते, हसत. "झाड वर नेऊ का गं?"
त्यांनीच नेलं.

१९ डिसें.
मॅडमनी सांगितलेलं केलं. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली, मी कामाला जाते त्या रक्ततपासणीच्या लॅबमधलं भिंग लावलं. बारीक ठिपके, चालणारे. बोट फिरवलं तर लाल रेघ. कोळी, रस शोषणारी कीड. गच्चीत नळी लावून झाड खालून-वरून धुतलं, कुंडीची माती प्लॅस्टिकनं झाकून. आता आठवड्यातून दोनदा धुवायचं, एकदा नीमतेल. खत अजिबात नाही. छाटणी नाही. माती बोटभर आत सुकली तरच पाणी.
मी काम करत होते तोवर हे नुसत्या बनियनवर कठड्याला टेकून उभे. मी स्वेटर घालून कुडकुडतेय. हात धरला त्यांचा. कुंडीच्या मातीसारखा गार.

२३ डिसें.
आज ह्यांनी फांद्यांना वळण द्यायला गुंडाळलेल्या सगळ्या तारा सोडल्या. ज्या तारा चढवायला दोन हिवाळे लागले होते त्या. पकडीनं एकेक कापून खाली टाकली.
"आवळून ठेवलंय किती. दुखत असेल त्याला."
फांद्या तशाच राहिल्या, वळलेल्या.
माझे हे कधी असं बोलले नसते. पण "माझे हे" कोण म्हणायचे मग?

२८ डिसें.
प्राजूचा बेंगळुरूहून व्हिडिओ कॉल. बाबांशी अर्धा तास गप्पा. पूर्वी "पैसे आहेत ना?" एवढं विचारून फोन माझ्याकडं द्यायचे. नंतर मी स्वैपाकघरात जाऊन तिला हळूच म्हटलं, मला भीती वाटते गं.
"कशाची? बाबा चांगले वागतात ह्याची? आई, तुला परत तो ताटं फेकणारा माणूस पाहिजे का?"
दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

२ जाने.
जुन्या गोष्टी विचारून बघते. लग्नात पावसानं कुठं गाठलं, प्राजूचं पहिलं नाव काय ठेवलं होतं, माझ्या आईनं त्यांना कोणत्या शब्दांत सुनावलं होतं. सगळं बरोबर सांगतात. पण आधी जरा थांबतात. लांब लावलेली पाटी वाचताना थांबावं तसं.

५ जाने.
दुपारी झोपले होते. छाती हलताना दिसेना. बराच वेळ बघत राहिले. नाकाशी हात नेणार तोच डोळे न उघडता म्हणाले, "आहे गं."

९ जाने.
झाड जैसे थे. आणखी तपकिरी नाही, हिरवंही नाही. मॅडम म्हणतात धीर धरा.
ह्यांचं रक्त लॅबला नेलं. डॉ.नी साखर, थायरॉइड बघायला सांगितलेलं. सगळं ठीक. नळीत थोडं उरलं होतं. सहज मनात आलं, गट बघावा. त्यांचा गट मला पाठ आहे, फौजेच्या कार्डावर छापलेला. स्लाइडवर थेंब टाकायचे, हलवायचं, बघायचं. रोज करते मी. स्लाइड काढली, बाटल्या काढल्या.
परत ठेवल्या. रक्त टाकून दिलं.
घरी आले तर ह्यांनी भाकरी करून ठेवलेल्या. वेड्यावाकड्या. एकीला तर भूगोलातल्या नकाशाचा आकार. दोघंही हसलो. किती दिवसांनी हसले मी.

१४ जाने., संक्रांत
वन्सं आल्या पाटणहून, तीळगूळ घेऊन. हे पुढं होऊन म्हणाले, "ये की. दमलीस?" वन्सं उंबऱ्यातच थबकल्या. सबंध वेळ ह्यांच्याकडं बघत होत्या. ह्यांनी केलेला चहा तसाच ठेवला, साय धरली.
राहायच्या बेतानं आल्या होत्या, दुपारच्याच गाडीनं निघाल्या. मी स्टँडवर सोडायला गेले. गाडी लागली. मग म्हणाल्या, "वैनी, दादा गोड बोलाय लागलाय."
"चांगलंच की."
"व्हय. चांगलंच." पदराचं टोक पिळत राहिल्या. "आमी ल्हानपणापासनं मार खाल्लाय त्येचा. त्येच्या नुसत्या पावलावनं कळायचं मला, आज डोकं फिरलंय का न्हाई. आज त्यो माज्या मागनं चालत आला आन् मला कळलंच न्हाई कोन आलंय."
"वन्सं, काय म्हणायचंय तुम्हांला?"
"काय न्हाई. तुमी जपून ऱ्हावा."
गाडीत चढल्या. खिडकीतून हात केला नाही.

२२ जाने.
नखानं खोड खरवडायचं, मॅडमनी सांगितलेलं. आज धीर झाला. वाळक्या फांदीवर खरवडलं, आत भुरकट. दुसरीवर, भुरकट. मुख्य खोडाशी खरवडलं. बारीक हिरवी ओल. एका बाजूनंच, करंगळीएवढ्या पट्टीत. तेवढं जिवंत.
खाली येऊन ह्यांना सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "जगेल ना गं?"
मी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. आपोआप फिरला.

४ फेब्रु.
लॅबमधून सुट्टी घेऊन झाड साताऱ्याला नेलं, मॅडमना प्रत्यक्ष दाखवायला. हे गाडी चालवत होते. पूर्वी ट्रकवाल्यांना शिव्या घातल्याशिवाय कऱ्हाड यायचं नाही. आज एक हॉर्न नाही. उंब्रजपाशी, जिथून पाटणचा रस्ता फुटतो, तिथं गाडी हळू केली. त्या बाजूला बघितलं नाही. पण हळू केली, आणि तो फाटा मागं पडेपर्यंत बोटं स्टिअरिंगवर घट्ट.
मॅडमनी वाळक्या फांद्या काढल्या, मुळांशी काडी घालून बघितलं. "कुजलेलं नाही. वाचेल."
हे शेजारी उभे, नम्र. मॅडमनी मुद्दाम डिवचलं, "काय सुभेदार, ह्या फांदीला माझ्या पद्धतीनं वळण देऊ का?" ह्यावर पूर्वी घर डोक्यावर घेतलं असतं. म्हणाले, "द्या की. तुम्हांला जास्त कळतं."
मॅडमचा चेहरा उतरला. आम्ही निघताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजारी आहेत का हो?"

१५ फेब्रु.
रोज सकाळी हे झाडावर तळहात धरून उभे राहतात. लावत नाहीत, नुसता वर धरतात. विचारलं तर म्हणाले, "ऊब लागते का बघतो."
झाडाची की त्यांची, ते विचारलं नाही.

३ मार्च
कोंब! खोडाच्या जिवंत बाजूला, मुळाच्या वरच्या वळणाशी. पोपटी. ओरडतच खाली गेले. हे आले, मी बोट दाखवलं. दोघंही लहान पोरांसारखे वाकून बघत बसलो. मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. चालतं हे आता घरात.

१२ मार्च
कोंब वाढतायत, पण विचित्र. पूर्वीचं पान मऊ, दोरीसारखं, अंगाशी चिकटलेलं. हे नवं सुईसारखं टोकदार. हात लावला तर रक्त निघालं. मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा फोन:
"घाबरू नका. जीव वाचवताना जुनिपर असं करतं. रोपटं असतानाचं पान येतं परत, काटेरी. आता काही वर्षं असंच."
"मग पूर्वीसारखं?"
"कधी होतं. कधी होत नाही. झाड तेच आहे हो, वहिनी."

१९ मार्च, पाडवा
गुढी ह्यांनी बांधली. शेजारच्या काकू म्हणाल्या, नशीब काढलंत, रिटायर झाल्यावर पुरुष असा बदलतो कुठं. मी नवी साडी नेसले होते. ह्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हाच रंग तुला शोभतो." तीस वर्षं वाट बघितली ह्या वाक्याची. कोण बोललं, ह्यात आता शिरायचं नाही असं ठरवलंय.

२७ मार्च, शुक्र.
सकाळी वन्संचा फोन. आवाज ओळखू येईना.
"वैनी, दादा घरात हाय न्हवं?"
"आहेत. वर गच्चीवर. का?"
मग रडत सांगितलं. वरच्या रानात लाकूडफाट्याला गेलेल्या बायांना ओघळीत माणूस सापडलाय. पडून महिने झालेत. पोलिसांनी त्या वेळच्या तक्रारी काढल्या, आपली निघाली, म्हणून वन्संना बोलावून दाखवलं.
"मी सांगितलं त्यास्नी, आमचा दादा दुसऱ्याच दिशी परत आलाय म्हणून. तरी बघाय लावलं."
"मग?"
"फोनवर न्हाई सांगत. तुमी एकदा या. आजच या. त्येला घिऊन येऊ नगा."
मी हो म्हणायला तोंड उघडलं. म्हटलं, "सोमवारी येते, वन्सं. आज-उद्या जमणार नाही."
"वैनी..."
ठेवला.
लॅबला सुट्टी आहे, सोमवारपर्यंत मला काहीच काम नाही. बॅग पलंगाखालून काढली, परत आत ढकलली. वरून झाडावर पाणी पडल्याचा आवाज येतोय. पाऊल जिन्यात वाजत नाही, पण येतायत हे आता मला कळतं.
"चहा टाकू का गं दोघांना?"
टाका म्हटलं.