गौरीची पूजा, कागदावर

प्रिय जाऊबाई,

आज गौरी जेवल्या. तुमच्यामागे पहिल्यांदाच, आणि आमच्या बोरीवलीच्या घरात. दुपारची भांडी तशीच ठेवून लिहायला बसले, कारण कालपासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच आहे!

इतकी वर्षं पूजा तुम्ही केलीत, मी आपली नैवेद्याच्या घावन-घाटल्याशी. विचारलं की म्हणायचात, "माझ्या वेबसाइटवर टाकलंय सगळं, वाच गं." आणि त्याच पानावर ठळक अक्षरांत तुमचा नियम: पूजेत मोबाईलला हात लावायचा नाही! मग वाचायचं कशावरून, हो?

म्हणून काल ते पान झेरॉक्सवाल्याकडे छापायला गेले. निघाले नुसते झेंडूचे फोटो, मजकुराच्या जागी कोरा कागद! तो म्हणाला, "काकी, पान काळं, अक्षरं पांढरी. कागदावर पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार?" मग त्याने काळ्यासकट काढलं, तर शाईने कागद ओले आणि अक्षरं बुजलेली. पाठकोरे म्हणून हिशेबालाही चालेनात.

"आणखी काढू?"

"नको रे बाबा!"

गौरी घरात बसलेल्या, पूजा उद्यावर, आणि माझ्या हातून काही चुकलं तर?

तुमच्या सायलीला मुलुंडला, तिच्या सासरी फोन केला. पान तिनेच करून दिलेलं, पण तुम्ही गेल्यापासून तिने ना ते उघडलं, ना आमच्याकडे पाऊल टाकलं. आज सकाळी लॅपटॉप घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "काकी, आईचं पान पांढरं करायचं नाही. रंग तिने निवडलाय."

"मग मी गौरीपुढे कोरे कागद धरून बसू?" सणाच्या दिवशी आवाज चढला माझा!

लॅपटॉप उघडत ती म्हणाली, "थांब. पान तसंच राहील. छापताना तेवढं वेगळं निघेल, असं करता येतं."

तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच तिने ते पान उघडलं. कागदापुरतं काळं गेलं, झेंडू गेले, बटणं गेली. अक्षरं मोठी झाली, आणि एक विधी दोन कागदांत तुटणार नाही असंही तिने केलं.

"पानाच्या खाली बायकांच्या कमेंटी आहेत, त्या काढून टाक," मी म्हटलं, "कागद वाचेल."

"त्यात आईची उत्तरं आहेत गं."

राहू दे म्हटलं, आणि धावत जाऊन छापून आणलं.

पूजेला बसले. सायली शेजारी कागद धरून वाचत होती. तरी मी हळद-कुंकवाआधीच फुलं वाहिली! हात मागे घेतला. तेव्हा तिने शेवटचा कागद वर घेतला आणि कुणा बाईला तुम्ही दिलेलं उत्तर वाचलं, "चुकलं तर चुकलं. गौर माहेरी आलीय, परीक्षा घ्यायला नाही." अगदी तुमच्या ठसक्यात हो! मग दोघींनाही पुढचं नीट दिसेना.

जेवणं झाल्यावर म्हणाली, "काकी, आज इथेच राहू?"

"विचारतेस काय मेले!" ओरडलेच मी तिला. आत झोपलीय आता.

जाऊबाई, शब्द देते. आपलं माहेर आईबरोबर गेलं, असं या पोरीला मी कधी वाटू देणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
सुमन